हेडिंगात न मावलेलं ‘साठी’

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. संपादक काकांची नाही, प्रेसवाल्याची तर अजिबातच नाही. माझ्या बोटांची. माझी बोटं टायपिंग करताना एवढी पळतात की डोकं दोन ओळी मागं राहतं, आणि त्या शुक्रवारी ते चांगलं अर्धा कॉलम मागं राहिलं होतं.

मी सेनगावात एका साप्ताहिकात काम करते. साप्ताहिक म्हणजे चार पानं, दर शनिवारी. ऑफिस म्हणजे एक शटर, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, आणि टेबलाखाली जुन्या अंकांचे गठ्ठे, ज्यांच्यावर पाय ठेवून बसायची मला सवय झालीय. मालक, संपादक, बातमीदार, जाहिराती आणणारा, सगळं एकच माणूस: आमचे काका. रक्ताचे नाहीत, वस्तीतले. आधी शाळेत क्लार्क होते, रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून पेपर काढला. पेपरात काय असतं, तर वाढदिवस, हरवलेल्या मार्कशीटच्या नोटिसा, सोयाबीनचा भाव, कोणाची कुठं निवड झाली ते, आणि काकांचा अग्रलेख. अग्रलेख कोणी वाचतं का, हे काकांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी टाईप करायची म्हणून मी वाचायची. तेवढा एक वाचक नक्की होता.

तर झालं असं की मार्च महिन्यात काका मोठा पेपर वाचत बसले होते, परदेशाचं पान. एकदम ओरडले, "पोरी, हे पाह्य! अमेरिकेत एका पेपरानं उघड लिहिलं, राष्ट्राध्यक्ष म्हणून आमचा पाठिंबा ह्याला. अन् वाचक असे चिडले, असे चिडले! काहींनी फोन करून पेपर बंद केला."

मी म्हणलं, "पेपर बंद केला यात खुश व्हायसारखं काय हाय काका?"

"अगं, चिडायला आधी वाचावं लागतं!"

आणि मग त्यांनी पेपराची घडी घातली. काकांनी वाचता वाचता पेपर मिटला की मला भीती वाटते. पाच मिनिटांनी म्हणले, "आपण बी देऊ पाठिंबा."

"कोणाला? अमेरिकेला?"

"आपल्या अध्यक्षाला."

आपला अध्यक्ष म्हणजे जयंती समितीचा. आमच्या वस्तीत एप्रिलातल्या जयंतीची मिरवणूक निघते, आणि तिचं सगळं समितीचा अध्यक्ष ठरवतो. कोणत्या गल्लीतून जायचं, रथ कोणाचा, पुढं कोण, मागं कोण. दर साली मार्चात विहारात बैठक होते, हात वर करून अध्यक्ष निवडतात. तीन वर्षं झाली एकच माणूस अध्यक्ष होता, जीपवाला दादा. सेनगाव–हिंगोली रोडवर त्याची जीप चालते. लई दिलदार माणूस, तोंडाचा फटकळ, कोणाच्याही लग्नात पहिला पळणारा. त्याला हरवायचं कोणाच्या मनातही नव्हतं.

पण ह्या साली त्याच्या विरोधात माझी मोठी माय उभी राहिली होती.

मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. घरी शिलाई मशीन हाय तिची. जयंतीला आमच्या बाया पांढऱ्या साड्या नेसतात, आणि त्यातल्या निम्म्या बायांचे ब्लाऊज मोठी मायच शिवते, त्यामुळं फेब्रुवारीपासून तिच्या घरात पांढऱ्या कपड्याचा नुसता ढीग असतो. ती उभी राहिली त्याचं कारण एकच. मिरवणुकीत पुढं साउंडवाला ट्रॅक्टर, त्याच्यामागं नाचणारी पोरं, मग ट्रॉलीवर सजवलेला रथ, आणि सगळ्यात शेवटी बाया. मोठी माय म्हणायची, "मी एवढी वर्षं मिरवणुकीत चालते, पण मला रथावरचा फोटो कधी दिसलाच न्हाई. मला दिसतं ते ट्रॉलीचं मागचं फळकूट. पांढरी साडी नेसायची अन् धूर खायचा. बाया रथाच्या म्होरं चालतील, एवढंच माझं म्हणणं हाय. बाकी समिती तुमी खुशाल चालवा."

दादाला तिनं हे दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळेस दादा म्हणला, "वहिनी, पोरं ऐकत न्हाईत." मग ती म्हणली, "ठीक हाय, मग मीच होते अध्यक्ष."

मी काकांना म्हणलं, "काका, ती माझी मोठी माय हाय. लोक म्हणतील घरचा पेपर, घरचा उमेदवार."

"लिहून मी राहिलो. तू नुसतं टाईप कर."

आणि खरं सांगते, काकांनी लई झकास लिहिलं. दादाचं कौतुक केलं, तीन वर्षांत एक बी भांडण होऊ दिलं न्हाई म्हणून. मग लिहिलं, की अर्धी वस्ती ट्रॉलीच्या फळकुटाकडं बघत चालते, हे काही बराबर न्हाई. म्हणून ह्या खेपेला अध्यक्ष मोठी माय व्हावी असं आमाला वाटतं. टाईप करता करता माझ्या अंगावर काटा आला. आमच्या पेपरात ‘आमाला वाटतं’ असं कधी आलंच नव्हतं. आमच्या पेपराला काही वाटतं हेच मला पहिल्यांदा कळलं.

आता हेडिंग. काकांनी कागदावर लिहून दिलं होतं: ‘जयंती समितीच्या अध्यक्षपदासाठी आमची पसंती’, आणि पुढं मोठी मायचं नाव. नाव इथं लिहीत नाही, ती रागावेल, पण सौ. पासून आडनावापर्यंत ते लांबच्या लांब हाय. तीन कॉलमात मावेना. पाच वाजले होते, साडेपाचला पानं हिंगोलीला प्रेसमध्ये पाठवायची होती. मी अक्षर बारीक केलं, तर हेडिंग नोटिशीसारखं दिसायला लागलं. मग ‘आमची पसंती’ उडवलं, म्हणलं खाली तर सगळं लिहिलेलंच हाय. तरी दोन-तीन अक्षरं बाहेरच. मग ‘अध्यक्षपदासाठी’तलं ‘साठी’ उडवलं आणि ‘अध्यक्षपदी’ केलं. असं बसलं, असं बसलं, की मला स्वतःचाच अभिमान वाटला!

माझी बोटं दर आठवड्याला हेच टाईप करतात ना. सोसायटीच्या अध्यक्षपदी अमुक, भजनी मंडळाच्या अध्यक्षपदी तमुक. सवयच ती. त्याच सवयीनं मी मोठी मायचा फोटो गोल कापला आणि त्याला फुलांची चौकट लावली, जी आमी निवड झालेल्या माणसाला लावतो. काका तेव्हा चहा सांगायला गेले होते. आले, लांबून बघितलं, म्हणले, "वा! पाठव." मी पाठवलं.

आता गंमत अशी, की आमचा पेपर हिंगोलीहून सेनगावला येतो तो जीपनं. आणि सकाळची पहिली जीप दादाची.

शनिवारी मी शटर उघडत होते तर दादाची जीप येऊन दारात थांबली. आत माणसं कोंबलेली. दादा खाली उतरला, गठ्ठा खांद्यावर, एक अंक हातात उघडा.

"ओ बातमीदार! मतदान कवा झालं गं? मला उठवायचं तरी."

मला काहीच कळेना. "कसलं मतदान दादा?"

"मलाच ठाव न्हाई बा. मी गठ्ठा टाकला गाडीत, तर सुतळीतून एकानं अंक ओढला. वाचलं अन् मला म्हणतो, ‘दादा, तू पडला की!’ नरसीपर्यंत सगळी गाडी माझं सांत्वन करून राहिली होती. मागच्या सीटवरची म्हातारी म्हणते, ‘जाऊ दे लेकरा, पुढच्या साली उभा राह्य.’ उतरताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला गं!"

मी अंक हातात घेतला. वाचलं.

"दादा, त्यात ‘साठी’ होतं. मावलं न्हाई म्हणून मी उडवलं."

दादानं माझ्याकडं बघितलं, मग रस्त्यानं येणाऱ्या काकांकडं बघितलं. "साठी उलटली तुमच्या संपादकाची, अन् उडवली माझी?"

जीपमधली माणसं खो खो हसली. दादा पण हसला, पण गाडीत बसताना म्हणला, "हे काही चांगलं न्हाई झालं पोरी." आणि ते त्यानं हसत नाही म्हणलं.

काकांना मी सांगायला लागले तर ते ऐकेचनात; अंक वाटायला पाठवून मोकळे झाले, आणि तासाभरात गुरुजी आले. गुरुजी म्हणजे वस्तीतले रिटायर मास्तर, बैठकीत हात मोजायचं काम त्यांचं. आल्या आल्या त्यांनी अंक टेबलावर आपटला.

"काय झालं ते पेपरानं सांगावं," गुरुजी म्हणले. "काय व्हावं ते आमी ठरवू. अन् तुमी तर व्हायच्या आधीच करून मोकळे! माझा अंक आजपासून बंद."

"गुरुजी, तुमाला तर फुकट येतो," काका म्हणले.

"मग फुकटचा बंद करा!"

गुरुजी गेले. काकांचा चेहरा असा खुलला होता, जसा नातू झाला. "बंद केला! ऐकलं का गं? पहिला वाचक चिडला!"

"काका, हेडिंग चुकलंय!"

"ते खुलाशात बघू. पण चिडला ना?"

मी तशीच पळत घरी गेले. मोठी मायच्या दारात चपला. आत पाच-सहा बाया, कोणी शेवंतीचा हार आणलेला, शेजारची काकू साखरेची वाटी घेऊन. मोठी माय मशीनवर बसलेली, तिच्या गळ्यात मापाची टेप आणि टेपवर हार. आणि ती पेपर वाचून राहिली होती. बोट ठेवून, एक एक ओळ, पार खालपर्यंत. सगळ्या वस्तीत खालपर्यंत वाचणारी ती एकटीच असेल.

"ये इकडं," मला म्हणली. "खाली लिहिलंय ‘व्हावी’. मग वर ‘झाली’ काहून?"

"झाली असं कुठं लिहिलंय मोठी माय, नुसतं पदी..."

"मला शिकवू नको. ह्या बायांना कळलं ते मला बी कळलं. आता सगळी वस्ती म्हणंल, पुतणीनं घरातल्या घरात अध्यक्ष करून टाकली. मी मागून घेतलं असतं ते आता चोरून घेतल्यासारखं झालं."

आणि तिनं हार काढून मशीनच्या टेबलावर ठेवला. मला रडायला येणार होतं, पण तेवढ्यात शेजारची काकू जे बोलली त्यानं रडणंच पळालं.

"बरं झालं बाई निवडून आलीस. मी उद्याच्या बैठकीला येणार होते, आता कनेरगाव नाक्याला भाचीकडं जाऊन येते."

दुसरी म्हणली, "आमी बी. उद्या हळदीचं काम हाय, मुकादम गाडी पाठवतो. मी म्हणत होते, बैठकीसाठी रोज कसा पाडावा. आता कशाला पाडायचा?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. बैठक रविवारी चार वाजता. मत तिथं हजर असलेल्यांचं. मोठी मायला मत देणाऱ्या सगळ्या बाया, आणि त्या सगळ्यांना वाटत होतं की ती आधीच निवडून आलीय! दादाच्या बाजूची नाचणारी पोरं मात्र चार वाजता विहारात हजर असणार, कारण ती पोरं पेपर वाचतच नाहीत.

मी म्हणलं, "न्हाई न्हाई न्हाई, निवड झालीच न्हाई! उद्या हाय!"

"अगं पण तूच छापलं ना?"

"चुकून छापलं!"

"म्हणजे पेपरात खोटं छापता तुमी?"

"खोटं न्हाई काकू. आगाऊ."

मग मी घरोघर. अख्खी दुपार. उन्हात. प्रत्येक दारात हेच. काही बायांना पटलं. काहींनी मला पाणी दिलं, साखर दिली, आणि अभिनंदन केलं. वरच्या गल्लीतल्या एका आजीनं तर माझ्याकडं असं बघितलं, की काय सांगू. म्हणली, "जीपवाल्यानं फितवली दिसते तुला. सख्खी पुतणी असून म्हणते मोठी माय निवडून न्हाई आली!"

मी विहाराच्या ओट्यावर येऊन बसले. तोंड धुतलं. अर्ध्या बाया उद्या हळदीच्या रानात असणार होत्या आणि ते सगळं मी उडवलेल्या दोन अक्षरांमुळं. दादाची जीप शेवटची फेरी करून आली. त्यानं मला बघितलं आणि गाडी बंद केली.

"काय गं, तोंड काहून उतरलं?"

मी सांगून टाकलं. सांगायला नको होतं खरं तर, तो तर विरोधात होता. पण मला पोटात काही ठेवता येत नाही, टाईप करताना पण नाही आणि बोलताना पण नाही.

दादानं स्टेअरिंगवर बोटं वाजवली. मग म्हणला, "म्हणजे उद्या बायाच येणार न्हाईत अन् मी निवडून येईन."

"व्हय."

"अन् मग सालभर गाडीत प्रत्येक पॅसेंजर मला म्हणंल, बाया हळदीला गेल्या म्हणून तू अध्यक्ष झाला. सेनगाव ते हिंगोली. जाताना अन् येताना." त्यानं मान हलवली. "न्हाई बा. आज सकाळची एकच फेरी मला पुरली. बस गाडीत."

आणि मग त्यानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. गल्लीगल्लीतून जीप अशी हळू चालवली, हॉर्न वाजवत, आणि डोकं बाहेर काढून ओरडत: "उद्या चार वाजता विहारात! मतदान व्हायचंय! पेपरात आगाऊ छापलंय, ही बघा छापणारी माझ्या शेजारी बसलीय! मला पाडायचं असंल तर यावं लागंल! घरी बसून पडत न्हाई मी!"

बाया दारात येऊन हसत होत्या. वरच्या गल्लीतली आजी म्हणली, "मी म्हणलं न्हाई का, पोरगी त्याच्याच गाडीत हाय!" मी सीटमध्ये खाली खाली सरकत होते आणि हसत पण होते.

रविवारी विहार गच्च. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, मधे गुरुजी. वंदना झाली आणि लगेच एक पोरगं उठलं, "आधी पेपरवाल्यांनी माफी मागावी." काका उठले, माफी मागितली, एवढ्या आनंदानं मागितली की ती माफी वाटलीच नाही. मी पण उठले. "माझी चूक" एवढंच म्हणलं आणि खाली बसले.

मग मोठी माय उभी राहिली. तिला भाषण येत नाही. ती म्हणली, "पेपरानं मला निवडलं म्हणता. पेपरानं मला साधं विचारलं बी न्हाई. मला विचारलं असतं तर मी म्हणलं असतं, माझा फोटो छापू नका, त्या फळकुटाचा छापा. मला अध्यक्ष व्हायची हौस न्हाई. तुमच्या सगळ्यांच्या अंगाची मापं माझ्या वहीत हायेत. कोण किती वर्षं मागं चालून राहिली ते बी मला ठाव हाय. बाया रथाच्या म्होरं चालाव्यात. झालं."

दादा लगेच उठला. "हे तर मी बी करतो. बाया म्होरं, मान्य! मग मला काहून काढता?"

विहारात कुजबूज झाली. मला वाटलं, संपलं. आता बाया म्हणणार, मिळालं ना, मग बसा.

पण मोठी माय म्हणली, "दादा, हे तुमी मागच्या साली म्हणले असते तर मी आज ब्लाऊज शिवत बसले असते."

बाया अशा हसल्या! बाप्ये पण. दादानं कान पकडले.

मग हात. दादासाठी आधी, मग मोठी मायसाठी. मुकादमाची गाडी रिकामी गेली होती की काय कोण जाणे, पण हळदीवाल्या सगळ्या तिथं होत्या. एका बाईनं दोन्ही हात वर केले, गुरुजी म्हणले, "एक खाली." मी हात वर केला तर मागून आवाज आला, "ही दोनदा मत देऊन राहिली, एकदा छापून अन् एकदा हात करून!" गुरुजींनी दोनदा मोजलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. सात हात जास्त निघाले, मोठी मायचे.

गुरुजींनी नाव पुकारलं तेव्हा ती लगेच उठली नाही. पदराला लागलेले दोऱ्याचे तुकडे वेचत बसली होती. शेजारच्या काकूनं ढोसलं तेव्हा उठली.

एप्रिलात मिरवणूक निघाली, पाच वाजता, चांगलं ऊन असताना. रथ म्हणून दादाचीच जीप, फुलांनी भरलेली, आणि तोच चालवत होता. म्हणला, "अध्यक्षपद गेलं, ड्रायव्हरकी कोणी घेणार न्हाई." रथाच्या पुढं सगळ्या बाया, पांढऱ्या साड्या, चार चारच्या रांगा. साउंड पार मागं. पोरं थोडी कुरकुरली, मग तिकडं मागंच नाचायला लागली.

पण बाया पुढं सरकेनात! दहा पावलं चालायच्या की थांबायच्या, आणि मागं वळायच्या. सगळ्याच. फोटो बघायला. कोणी हात जोडायच्या, कोणी लेकराला उचलून दाखवायच्या, काही तर सरळ उलट्या चालायला लागल्या, तोंड रथाकडं करून. दादा खिडकीतून ओरडत होता, "ओ अध्यक्ष! पाय उचला म्हणा! इंजन गरम होऊन राहिलं!"

मोठी माय पण उलटीच चालत होती. फोटोला मोठा गुलाबाचा हार होता, त्यावर उन्हाची तिरीप. मी म्हणलं, "मोठी माय, म्होरं बघून चाल ना, पडशील."

"मला बघू दे," ती म्हणली, मान पण न वळवता. "तू माझा हात धर, अन् म्होरं तू बघ."

मी तिचा हात धरला. पुढं चौकात एक खड्डा होता, तो मी तिला डावीकडून चुकवला.